यवतमाळचं बंदर

प्रश्नपत्रिका वाटून दोन मिनिटं झाली नसतील, तोच हॉलमध्ये खसखस पिकली.

"हसायला काय झालं?" पर्यवेक्षक बाईंनी विचारलं. माझ्या शेजारच्या बाकावरचा मुलगा उभा राहिला. पुसदचा विलास राठोड. सकाळच्या पहिल्या एस.टी.ने आलेला, केसांना चापून तेल लावलेला, आणि आल्यापासून एका शब्दाने कोणाशी न बोललेला.

"बाई, चौथ्या प्रश्नात बंदरांची नावं लिहायची आहेत. सहा नंबरचा ठिपका यवतमाळवर आहे."

"मग?"

"यवतमाळला समुद्र नाही बाई."

आता सगळे उघड हसले. परीक्षा यवतमाळातच चालली होती. कुठूनही मोजा, पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र नाही. बाई प्रश्नपत्रिका घेऊन बाहेर गेल्या, भूगोल मंडळाच्या काळीकर सरांना विचारून परत आल्या आणि म्हणाल्या, "छापलंय तसंच सोडवा. बसा खाली."

विलास बसला. बेचाळीस मुलांत एकट्या मला हसू आलं नाही. मी नकाशाचा कागद पुढे ओढला, चौकटीची डावी कड उजव्या कडेवर नेमकी ठेवली आणि कागद उभा दुमडला. घडीवरून अंगठ्याचं नख वरपासून खालपर्यंत ओढलं. मग तो खिडकीच्या उजेडात धरला. यवतमाळवरचा ठिपका पलीकडच्या अर्ध्यात ओडिशाच्या किनाऱ्यावर जाऊन बसला. मी कागद उलगडला आणि सहा नंबरपुढे लिहिलं : पारादीप.

मग पेन खाली ठेवलं.

ही सत्त्याऐंशी सालची गोष्ट. मी नववीत होते. देशभरातल्या शाळांसाठी भूगोलाची एक प्रश्नमंजूषा त्या वर्षी सुरू झाली होती, आणि तिची अंतिम फेरी दिल्लीला होणार होती. तिथवर पोचायच्या तीन पायऱ्या. आधी शाळेतून दोघं, मग जिल्ह्यातून एक, मग राज्यातून चौघं. आमच्या पाचघरे सरांनी शाळेतली फेरी तीन शनिवार चालवली. पहिल्या शनिवारी लेखी, दुसऱ्या शनिवारी कोरे नकाशे भरणं, आणि तिसऱ्या शनिवारी उभं राहायची फेरी. म्हणजे मैदानात सगळ्यांना रांगेत उभं करायचं, सर एकेकाला प्रश्न टाकत जाणार, चुकला तो मातीत बसला. दोन तासांनी उभे उरलो आम्ही दोघं, मी आणि अकरावीतला एक मुलगा. त्याला जिल्ह्याच्या फेरीआधी कांजिण्या निघाल्या. शाळेची सगळी मदार माझ्यावर येऊन पडली.

मला दिल्ली हवी होती. नुसती हवी होती म्हणणं कमी पडेल. आमच्या घरातलं कोणी नागपूरच्या पुढे गेलेलं नव्हतं, आणि मी मात्र रोज सगळा देश हाताखालून घालत होते. त्याचं कारण माझे बाबा.

बाबा रबरी शिक्के बनवायचे. देविदास शिरभाते, दत्त चौकाच्या मागच्या बोळात दुकान. ग्रामपंचायतीचे गोल शिक्के, डॉक्टरांच्या नावाचे, सोसायट्यांचे. पण त्यांचं नाव होतं ते नकाशांच्या शिक्क्यांसाठी. तेव्हा शाळाशाळांतून गुरुजी मुलांच्या वह्यांत भारताचा कोरा नकाशा शिक्क्याने उमटवायचे, तसे शिक्के. बाबा जाड रबराच्या तुकड्यावर उलटा भारत आखायचे, म्हणजे गुजरात उजवीकडे आणि बंगाल डावीकडे, आणि रेषा तेवढ्या ठेवून बाकीचं रबर ब्लेडने काढून टाकायचे. वीस वर्षं उलटं पाहून पाहून त्यांची नजर अशी झाली होती की सुलटा नकाशाच त्यांना परका वाटे. छाप एकसारखा उमटतो ना, एवढंच ते पाहायचे. काय उमटलंय ते पाहणं माझं काम होतं.

चौथीत असल्यापासून मी ते करत होते. माझी एक पद्धत होती. खडू कुटून त्याची भुकटी शिक्क्यावर पसरायची आणि तळहाताने पुसून घ्यायची. खाचांत पांढरं राही, रेषा काळ्या उठून दिसत. मग बोट फिरवत वाचायचं. "दीव राहिलं बाबा." "कावेरीचं मुख खाली गेलं." बाबा हुं म्हणायचे आणि तो तुकडा बाजूला टाकून नवीन घ्यायचे. माझं वाचून झाल्याशिवाय नकाशाचा एकही शिक्का दुकानाबाहेर गेला नव्हता.

तो एकच गेला.

जिल्हा फेरीच्या प्रश्नपत्रिका सायक्लोस्टाइलवर निघायच्या, आणि त्यात नकाशा नीट येत नसे. म्हणून काळीकर सर स्वतः दुकानात आले. निवृत्त हेडमास्तर, पांढरं धोतर, बोलणं मोजकं.

"देविदासराव, दहा बंदरांचे ठिपके असलेला भारत हवा. लहानमोठी सगळी बंदरं आहेत त्यात. परीक्षेचं काम आहे. शिक्का कोणाच्या नजरेला पडता कामा नये."

"नाही पडणार, सर."

"तुमची मुलगी बसलीय ना परीक्षेला?"

"हाव. म्हणूनच सांगून राहिलो, नाही पडणार."

त्या दिवशी संध्याकाळी बाबांनी मला टेबलाचा खालचा खण दाखवला. "मंदा, या खणाले हात लावायचा नाही. रविवारपर्यंत."

"वाचणार कोण मग?"

"मी वाचीन."

"तुम्हाला दिसतं का सुलटं?"

"दिसन," म्हणाले. खणाला कुलूप नव्हतं. त्यांनी घातलंही नाही. मला सांगितलं म्हणजे झालं, असं त्यांना वाटे.

गुरुवारी दुपारी ते पोस्टात गेले आणि मी खण उघडला.

उगाच सोज्वळ कशाला होऊ. मला प्रश्न पाहायचे होते. त्या आठवड्यात मला धड जेवण जात नव्हतं. वर्गात बसले तरी पाय हलत राहायचे, आई दोनदा म्हणाली, पोरी, अंगात काय भरलंय तुझ्या. वाटलं, एकदा पाहून टाकलं की जीव जागेवर येईल. शिक्का हातात घेतला. हाताला सवयच होती, मी भुकटी पसरली, पुसली आणि वाचायला लागले. ओखा, रत्नागिरी, मार्मागोवा, कोचीन, नागपट्टणम. एकही असं बंदर नव्हतं जे मला येत नव्हतं. खण उघडायची काहीएक गरज नव्हती.

आणि मग सहावा ठिपका. उलट्या नकाशात तो डाव्या अंगाला, किनाऱ्यावर हवा होता. तो उजव्या बाजूला, पार आत होता. नऊ ठिपके बाबांनी बरोबर उलटवले होते आणि एक जसाच्या तसा ठेवला होता. मधेच गिऱ्हाईक आलं असेल, नाहीतर आईने हाक मारली असेल. मनातल्या मनात नकाशा मधोमध दुमडला आणि मला कळलं, हे पारादीप आहे. आणि छापलं की ते आमच्या गावावर येणार आहे.

मी भुकटी फुंकली, फ्रॉकने शिक्का पुसला आणि खण लावला.

सांगायला हवं होतं. बाबा पोस्टातून आले तेव्हा, चहा पिताना, संध्याकाळी दिवा लावताना, दर वेळी वाक्य तोंडाशी आलं. पण ते सांगायचं तर आधी खण उघडल्याचं सांगावं लागलं असतं. शुक्रवारी सकाळी त्यांनी शिक्का कापडात गुंडाळला आणि सायकलवर टांग टाकून काळीकर सरांकडे निघाले. मी दारात उभी राहून पाहत राहिले. आणि खरं सांगू का, तोवर माझ्या मनात दुसरंच शिजायला लागलं होतं. तो ठिपका बाकी एकाही पोराला सुटणार नाही, मला सुटेल. फक्त तो कसा सुटला, हे दाखवता आलं पाहिजे. शुक्रवार आणि शनिवार मी तेवढ्याच विचारात काढला. कागदावर घडी पडायला हवी होती. ती सगळ्यांना दिसेल अशी हवी होती.

रविवारी ती पडली.

निकाल त्याच दिवशी चार वाजता लागायचा होता. आम्ही मुलं हॉलच्या पायऱ्यांवर बसलो होतो. विलासने डबा उघडला, भाकरीचा अर्धा तुकडा माझ्यापुढे धरला. "घे ना. तू सकाळपासून नुसती चकरा मारून राहिली."

मी घेतला पण खाल्ला नाही.

"सहाला काय लिहिलं तू?" त्याने विचारलं.

"तू काय लिहिलंस?"

"खरं तेच लिहिलं. इथे बंदर असू शकत नाही, हे यवतमाळ आहे." तो हसला. "एक मार्क गेला तर गेला. खोटं बंदर कुठून आणू?"

तेवढ्यात पाचघरे सर आले. त्यांचा चेहरा उतरला होता. "मंदा, आत ये. आणि तुझ्या बाबांना बोलावणं पाठवलंय."

आत काळीकर सर टेबलाशी बसले होते. माझा पेपर त्यांच्यासमोर. बाबा पाचच मिनिटांत आले, शर्टाच्या बाहीला जांभळी शाई लागलेली, सायकल जोरात हाकल्यामुळे धापा टाकत. ते माझ्याकडे पाहून कसंनुसं हसले. त्यांना वाटलं, पोरगी पहिली आली म्हणून बोलावलंय.

"देविदासराव," काळीकर सर म्हणाले, "तुमची मुलगी पहिली आहे. पन्नासपैकी चव्वेचाळीस. पुसदच्या राठोडला त्रेचाळीस. पण एक अडचण आहे. हा सहावा ठिपका. आमच्या उत्तरसूचीत तिथे पारादीप आहे, आणि छापलाय तो यवतमाळवर. बेचाळीस मुलांत पारादीप एकाच मुलीने लिहिलं. आणि शिक्का तिच्या घरी तयार झाला."

बाबांचं हसू तसंच अर्धवट राहिलं. त्यांनी नकाशा हातात घेतला आणि बराच वेळ पाहत राहिले. सुलटा भारत वाचायला त्यांना वेळ लागायचा.

"तुम्ही हिला शिक्का दाखवला होता का?" सरांनी विचारलं.

"सर, घडी बघा," मी मधेच म्हणाले. माझा आवाज मलाच उंच वाटला. "मी कागद दुमडून पाहिला. शिक्का उलटा कापतात. एखादा ठिपका उलटवायचा राहिला, तर तो मधल्या रेषेच्या दुसऱ्या बाजूला पडणार. मी कागद मधोमध दुमडला आणि उजेडात धरला, तर तो ओडिशात आला. पारादीपवर." मी कागद बाबांच्या हातातून घेतला, पुन्हा दुमडला आणि खिडकीशी धरला. सगळं पाठ केल्यासारखं झालं. पाठ केलंच होतं.

पाचघरे सरांनी वाकून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. "सर, हिनं खरंच काढलं हो. बापाचा धंदा डोक्यात आहे पोरीच्या."

काळीकर सरांनी घडीवरून बोट फिरवलं. पर्यवेक्षक बाईंना बोलावलं. त्यांनी सांगितलं, हो, ही मुलगी कागद दुमडून खिडकीकडे धरत होती, मी पाहिलं. मग सर बाबांकडे वळले. "तरी मला तुमच्या तोंडून हवं आहे."

बाबा कागदाकडे पाहत होते, घडीकडे. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला तेव्हा लागला नाही; मला वाटलं, स्वतःच्या चुकीची लाज वाटतेय त्यांना.

"मी दाखवला नाही, सर," ते म्हणाले. "चूक माझी आहे. वीस वर्षांत पहिली."

"झालं तर," काळीकर सर उठले. "पुढच्या महिन्यात पुण्याला राज्य फेरी. अभिनंदन, मुली."

बाहेर पायऱ्यांवर विलासने मला पाहिलं आणि हात वर केला. मी पहिली आले हे त्याला कळलं होतं. तो डबा पिशवीत घालत होता, पुसदची गाडी पाचला होती.

आम्ही निघालो. बाबा सायकल हातात धरून चालत होते, मी शेजारून. एरवी ते मला पुढच्या दांडीवर बसवायचे. मी उगाचच बोलत सुटले. पुण्याला कोण नेईल, पाचघरे सर येतील का, दिल्लीला थंडी किती असेल. बाबा हुं हुं करत होते. आझाद मैदानाचा कोपरा आला तसे ते थांबले.

"मंदा, एक सांगू का?"

"काय?"

"शुक्रवारी सकाळी मी शिक्का खणातून काढला. तर कच्छच्या तिथं, खाचेत, पांढरा खडू."

रस्त्यावरून एक टांगा गेला तो पूर्ण जाईस्तोवर ते थांबले.

"आधी मले राग आला. म्हटलं, नाही म्हणून सांगितलं तरी पोट्टीनं पाह्यला. मग बसलो थोडा वेळ. रात्रीपासून जिवाले घोर होता ना माझ्या, आपण एकट्यानं वाचला, कुठं काही राह्यलं तर. अन् खडू पाह्यला अन् बरं वाटलं. म्हटलं, चला. मंदानं वाचला अन् काही बोलली नाही, म्हणजे शिक्का बरोबर आहे." त्यांनी सायकलची घंटी उगाच अंगठ्याने पुसली. "म्हणून मी निर्धास्त देऊन आलो."

ते ओरडले असते तर मी सोसलं असतं. चार फटके दिले असते तरी चाललं असतं. ते नुसते सांगत होते, आणि मला तिथल्या तिथे रस्त्यात रडू फुटलं. मी चूक पाहून गप्प बसले होते, आणि माझ्या त्या गप्प बसण्यावर विसंबून त्यांनी शिक्का नेऊन दिला होता. आत खोलीत, सगळ्यांसमोर, घडी पाहता पाहता त्यांना हे कळलं होतं. तरी ते म्हणाले होते, चूक माझी आहे.

"तुम्ही आत का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"मी दाखवला का, असं त्यायनं विचारलं. मी नाही दाखवला. तू पाह्यला का, हे तुले विचारायचं होतं." सायकल सरळ करत म्हणाले, "ते कोणी विचारलंच नाही तुले."

पाच वाजायला वीस मिनिटं होती. मी डोळे पुसले. "बाबा, मी जाऊन येते."

"काय सांगशील?"

"जे झालं ते."

"मी येऊ?"

"नको."

त्यांनी सायकल स्टँडवर लावली. "जाय. मी इथंच आहे."

मी पळत गेले. काळीकर सर खोलीला कुलूप लावत होते, पाचघरे सर शेजारी उभे होते. मी दारातच सगळं सांगून टाकलं. खण, भुकटी, घडी. त्यांनी मधे एकही प्रश्न विचारला नाही. कुलूप काढलं, आत जाऊन माझा पेपर घेतला आणि त्यावर आडवी रेघ मारली. मग पाचघरे सरांना म्हणाले, "एस.टी. स्टँडवर जा. पुसदची गाडी सुटली नसेल अजून. त्या राठोडला उतरवून घ्या." पाचघरे सर माझ्याकडे न पाहता गेले. पुढचे सहा महिने त्यांनी वर्गात मला एक प्रश्न विचारला नाही.

विलास राठोड पुण्याला गेला आणि तिथून दिल्लीला. पेपरात फोटो आला होता, तेल लावलेले केस तसेच. मंडळाने बाबांना पुन्हा काम दिलं नाही. मी आज पाठ्यपुस्तकांतले नकाशे तपासायचं काम करते, आणि दिल्लीला कामानिमित्त दहाएक वेळा जाऊन आले. तिथे उतरले की मला हमखास आझाद मैदानाचा तो कोपरा आठवतो.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवशीचं. सोमवारी शाळेतून आले तर दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बाबांनी एका शाळेच्या भारताचा शिक्का नुकताच कापून संपवला होता. त्यांनी तो माझ्यासमोर ठेवला आणि खडूच्या भुकटीची डबी शेजारी सरकवली. मला हात लावायला धीर होईना.

"वाच," ते म्हणाले.

मी भुकटी पसरली, पुसली. बोट किनाऱ्यावरून फिरवत खाली गेले, कन्याकुमारीला वळसा घालून वर आले. दोन वेळा वाचला. सगळं बरोबर होतं, फक्त खाली, अगदी डाव्या कोपऱ्यात, अंदमानचं एक लहानसं बेट कापताना निघून गेलं होतं. शाळेच्या वहीत ते कोणाच्या लक्षातही आलं नसतं. तो शिक्का म्हणजे दोन दिवसांचं काम होतं.

"बाबा," मी म्हणाले, "अंदमानात एक बेट राहिलं."

"नक्की?"

"नक्की."

बाबांनी तो तुकडा उचलला, बाजूच्या टोपलीत टाकला आणि नवीन रबर काढलं.